धरणाचा काठ साफ करायचाय आणि होडीला उतारही हवाय, तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दहा-बारा जणांचा एक गट दर रविवारी पुणे जिल्ह्यातल्या भाटघर धरणाच्या बॅकवॉटरला गळ टाकायला जातो. काठावर दारूच्या बाटल्या, थर्माकोलच्या डिश, फाटकी जाळी यांचा खच असतो. गटातल्या दोघा-तिघांनी कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) आणि हवा भरायच्या बोटी घेतल्यात, पण चिखलातून त्या पाण्यापर्यंत नेताना जीव मेटाकुटीला येतो. वर्गणी काढून काठ साफ करावा, एक छोटा सिमेंटचा रॅम्पही बांधावा, असं त्यांच्या मनात आहे. परवानगी कुणाची घ्यायची आणि काम कसं लावायचं, असं ते विचारतात.

पुण्याच्या आसपासच्या धरणांवर मी बऱ्याच वर्षांपासून गळ टाकतोय आणि आमच्या मंडळींबरोबर काठसफाईही करतोय. त्या अनुभवावर सांगतो. भाटघरला तुम्ही नेमके कोणत्या बाजूला बसता, तिथे मुरूम आहे की गाळ, गाव किती लांब, मासेमारीचा ठेका कुणाकडे, यावर बरंच काही अवलंबून आहे. तेव्हा इथलं सगळं जसंच्या तसं तुमच्या जागेला लागू होईल असं नाही.

आधी सिमेंटचा विचार डोक्यातून काढून टाका. परवानगी मिळणं अवघड आहे हे तर झालंच, पण मिळाली तरी तो रॅम्प तुमच्या उपयोगाचा नाही. भाटघर 1927 साली बांधून झालं ते नीरेच्या कालव्यांना पाणी देण्यासाठी. पावसाळ्यात ते भरतं आणि उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत शेतीसाठी जवळपास रिकामं होतं. मे महिन्यात कांबरे गावाजवळचं पाण्याखाली असणारं महादेवाचं देऊळ उघडं पडतं आणि लोक बघायला गर्दी करतात, ते तुम्हाला ठाऊक असेलच. म्हणजे सप्टेंबरात पाणी जिथे असतं तिथून मेमध्ये ते कितीतरी खाली आणि लांब गेलेलं असतं. सप्टेंबरच्या पाण्याला जोडून बांधलेला रॅम्प जानेवारीत कोरड्या माळावर उभा राहील. मेच्या पाण्याला जोडून बांधला तर वर्षातले नऊ-दहा महिने तो पाण्याखाली, वर गाळ साचत जाणार. तलावाचा काठ जागेवर असतो, धरणाचा काठ चालत असतो. तुमचा खरा प्रश्न रॅम्पचा नाही. दर महिन्याला सरकणाऱ्या पाण्यापर्यंत पन्नास-साठ किलोचं ओझं सुखरूप कसं न्यायचं, हा आहे.

कायद्याच्या बाजूने बघायचं तर पवईचं उदाहरण ताजं आहे. तलावाच्या काठाने महापालिकेने केलेला सायकल आणि जॉगिंग ट्रॅक मुंबई उच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये बेकायदा ठरवला आणि तो काढून जागा पूर्ववत करायला सांगितली. तो ट्रॅक सिमेंटचा सपाट रस्ताही नव्हता, जाळीत दगड भरून खालून पाणी जाईल अशा गॅबियन पद्धतीचा होता. पवई आणि भाटघर यांना लागू होणारे नियम सारखे नाहीत, हे खरं. पण पाण्याच्या काठावर कायमचं काही उभं करायचं म्हटलं की महापालिकेसारख्या यंत्रणेलाही ते काढावं लागतं, एवढं ध्यानात घ्या. दहा-बारा हौशी माणसांनी त्या वाटेला जाऊच नये.

आता त्या काठावर तुमच्याआधी कोण आहे ते बघू. जमीन जलसंपदा विभागाची, म्हणजे लोक ज्याला अजूनही पाटबंधारे म्हणतात त्याची. मासे धरायचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागामार्फत बहुधा स्थानिक मच्छीमार सोसायटीकडे असतो. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी गाळाची जमीन बऱ्याच धरणांवर गाळपेरीसाठी, म्हणजे त्या गाळात पीक घ्यायला, दिलेली असते आणि त्यात धरणग्रस्त कुटुंबांना प्राधान्य असतं. तुम्हाला जो मोकळा माळ दिसतो तो कुणाच्या तरी हरभऱ्याचा किंवा काकडी-कलिंगडाचा वाफा असू शकतो. त्यातून कयाक ओढत नेली तर पहिल्याच दिवशी भांडण. शिवाय जनावरं पाण्यावर आणणारे गुराखी, कपडे धुणाऱ्या बायका, मोटारीने पाणी उचलणारे शेतकरी हे सगळे त्याच काठाचे रोजचे वापरकर्ते. आपण आठवड्यातून एकदा येणारे.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी सोसायटीच्या चेअरमनला किंवा सेक्रेटरीला भेटायचं, मग सरपंचाला, आणि त्यानंतर पाटबंधारेच्या शाखा अभियंत्याकडे अर्ज. उलट क्रमाने गेलात तर अभियंता तुम्हाला पहिला प्रश्न हाच विचारेल की गावाचं काय म्हणणं आहे. गावाचं आणि सोसायटीचं पत्र हातात असलं की अर्ज पुढे सरकतो. वनखात्याची हद्द जवळ असेल तर त्यांनाही विचारा. भाटघरच्या डोंगराकडच्या बाजूला ही शक्यता धरूनच चाला.

सोसायटीला भेटताना तुमचं मासे धरणं त्यांच्या पोटावर येतंय का, हा विषय निघणारच. तो टाळू नका. तुम्ही मासे सोडून देता की घरी नेता, कुठल्या भागात बसता, त्यांच्या जाळ्यांच्या पट्ट्यात शिरता का, हे मोकळेपणाने ठरवून घ्या. सोसायटी हौशी मंडळींकडून काही फी घेत असेल तर ती भरा आणि पावती ठेवा. ही माणसं रोज पहाटे पाण्यावर असतात. काठावर काय चाललंय ते त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही, आणि तुमची स्वच्छता टिकणार की नाही हे शेवटी त्यांच्याच हातात आहे.

आता कचरा. इथे एक गोष्ट मी फार वेळा बघितली आहे. उत्साहाने चाळीस पोती भरली जातात, फोटो निघतात आणि पोती झाडाखाली रचून सगळे घरी जातात. कुत्री ती फाडतात, पुढच्या पावसात पाणी चढतं आणि सगळा ऐवज पुन्हा धरणात. तेव्हा पोतं भरण्याआधी ते जाणार कुठे ते ठरलेलं हवं. ग्रामपंचायतीची घंटागाडी किंवा ट्रॅक्टर-ट्रॉली त्या दिवशी मिळते का, ती कुठे रिकामी करणार, हे सरपंचाशी बोलताना विचारून घ्या. ट्रॉलीच्या डिझेलचे पैसे आपण द्यावेत. गावाने आपला कचरा उचलावा ही अपेक्षा बरोबर नाही, कारण त्यातला बराच शहरातूनच आलेला असतो.

कचरा काठावरच वेगळा करून घ्या, घरी नेऊन कुणी करत नाही. पाण्याच्या बाटल्या, अख्ख्या काचेच्या बाटल्या, बिअरचे कॅन भंगारवाला घेतो. आधी त्याला फोन करून ठेवला तर तो टेम्पो घेऊन रस्त्यापर्यंत येतोही. वेफर्सची चकचकीत पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोल, फुटकी काच हे त्याला नको असतं, आणि खरा ढीग यांचाच असतो. थर्माकोलच्या डिशवर महाराष्ट्रात 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने बंदी आली, तरी काठावर त्या आजही सापडतात. थर्माकोल उन्हात राहिलं की हात लावताच साबुदाण्यासारखे मणी सुटतात आणि ते वेचणं केवळ अशक्य. अशा डिश उचलायला एकाला वेगळी पिशवी देऊन सगळ्यांच्या पुढे पाठवा, मागून येणाऱ्यांच्या पायाखाली त्या चुरडता कामा नयेत.

निर्माल्याचा आणि देवाच्या तसबिरींचा भाग नाजूक असतो. फ्रेम, घटाचं साहित्य, साड्या, नारळ हे सगळं काठाला लागलेलं असतं. ते बाटल्यांच्या पोत्यात कोंबताना गावातल्या कुणी बघितलं तर मन दुखावतं आणि मग तुमचं चांगलं कामही वाया जातं. आम्ही त्यासाठी स्वतंत्र टोपली ठेवतो. फुलं-पानं खड्डा करून पाण्यापासून लांब पुरतो, आणि तसबिरींचं काय करायचं ते गावच्या देवळातल्या गुरवाला किंवा पुजाऱ्याला विचारतो. काच आणि लाकूड वेगळं करून द्या असं सहसा तेच सांगतात.

काय उचलायचं नाही, हे गळ टाकणाऱ्याला समजावून सांगायची गरज नसावी, तरी सांगतो. पाण्यात आडवं पडलेलं खोड, बाभळीचं वाळलेलं झाड, दगडांचा ढिगारा हा कचरा नाही. मरळ त्याच आडोशाला थांबते आणि माशांची पिल्लं तिथेच जीव वाचवतात. काठ स्वच्छ दिसावा म्हणून ही लाकडं ओढून काढली तर मासे कमी होतील आणि आपणच पुढच्या वर्षी तक्रार करू. होडीच्या वाटेवरचं खोड तेवढं बाजूला करा.

जाळ्यांचं काम सगळ्यात धोक्याचं. तंगुसाचं, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याचं, फाटकं जाळं खोडात अडकून राहिलं की ते वर्षानुवर्षं मासे धरत राहतं, पाणकावळे आणि कासवंही त्यात गुदमरतात. मात्र दिसलं जाळं की ओढलं, असं करू नका. ते कुणाचं तरी रात्री लावलेलं चालू जाळं असू शकतं. सोसायटीचा माणूस बरोबर असला की तो लांबूनच सांगतो, हे टाकलेलं आहे की लावलेलं. टाकलेलं असेल तर पाणी सगळ्यात खाली गेलेलं असताना, मेच्या पहाटे, खोड कोरड्यावर आल्यावर काढा. त्या वेळी जाळं गाळाने कडक होऊन खोडाला पापुद्र्यासारखं चिकटलेलं असतं. ओढून निघत नाही. आकड्याच्या सुरीने वीतभर वीतभर कापत सुटं करावं लागतं, आणि आत जुने गळ रुतलेले असतात म्हणून कातडी हातमोजे हवेतच. पाण्यात उतरून जाळं कापायचं काम हौशी माणसाने करू नये. पोहता येत असेल तरी नाही. पाय अडकला की पोहणं कामाला येत नाही.

आपला स्वतःचा कचरा विसरू नका. कापून टाकलेला तंगूस, हुकांची पाकिटं, कणकेच्या पिशव्या आणि शिशाची वजनं हा सगळा आपलाच माल. पाणपक्षी अन्न दळायला खडे गिळतात, त्यात शिशाचा तुकडा गेला की विषबाधा होते. तंगुसासाठी पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा घ्यायचा, खालून बूच लावायचं, वर आत हात जाईल एवढं तोंड ठेवायचं. हा पाइप काठावर न बांधता चहाच्या टपरीवर बांधा. काठावरचा पाण्याखाली जाईल किंवा चोरीला जाईल, टपरीवर येता-जाता सगळे थांबतात. भरला की तंगूस बोटभर लांबीचे तुकडे करूनच कचऱ्यात द्या.

मोहिमेसाठी महिना निवडताना पाणी आणि पक्षी दोन्ही बघा. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला सगळ्यात चांगला वाटतो. पाणी थोडं उतरलेलं असतं आणि ऑक्टोबरात ते जिथवर चढलं होतं तिथे कचऱ्याची रेघ स्पष्ट दिसते, झुडपांना चिंध्या लटकलेल्या असतात. त्या रेघेवरून चालत गेलं की निम्मं काम होतं. मार्चपासून काठावरच्या खड्यांत टिटवी अंडी घालते. तिला घरटं असं नसतंच. चार-पाच खडे सारून केलेला उथळ खळगा, त्यात मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची चार अंडी. दोन पावलांवरूनही ती खड्यांसारखीच दिसतात. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की जिथे आहात तिथेच थांबा, पायाखाली बघा आणि आलात त्याच वाटेने मागे फिरा. एप्रिल-मेमध्ये जाळी काढायला गेलात तर चार-पाच जणच जा, पन्नास जणांची फौज नको. आणि मेच्या शेवटी एक फेरी मात्र चुकवू नका, कारण पहिल्या लोंढ्याबरोबर काठावर उरलेलं सगळं पाण्यात जातं.

हातमोजे, जाड तळव्याचे बूट किंवा गमबूट याशिवाय कुणाला काठावर सोडू नका. कचऱ्याच्या ढिगाखाली घोणस असू शकते, म्हणून हात घालण्याआधी काठीने किंवा दाताळ्याने ढीग उलटा. पायाला जखम असेल त्याने पाण्यात उतरू नये, साचलेल्या पाण्यातून लेप्टोसारखे आजार होतात.

आता होडीच्या वाटेकडे येऊ. गावातल्या जुन्या माणसांना विचारा, मेमध्ये पाणी गेल्यावर जुना रस्ता कुठे वर येतो. धरणं झाली तेव्हा गावं, गावठाणं, गाडीवाटा पाण्याखाली गेल्या, त्या दर उन्हाळ्यात उघड्या पडतात. अशा वाटेखाली बहुधा दगडाची सोलिंग किंवा कडक मुरूम असतो, आणि ती वरून खालपर्यंत सलग जाते. पाणी कुठेही असो, त्या वाटेचं कुठलं ना कुठलं टोक पाण्याला लागलेलंच असतं. मला विचाराल तर धरणावर यापेक्षा चांगला रॅम्प पैसे देऊनही मिळणार नाही. तशी वाट नसेल तर पाण्यात घुसलेली मुरमाड सोंड शोधा. ओढा जिथे येऊन मिळतो तो कोपरा टाळा, तिथे गाळ सगळ्यात खोल. वरून तडे गेलेला, वाळलेला दिसतो आणि पाय टाकला की मांडीपर्यंत जातो. प्रत्येक वेळी काठी खुपसत पुढे जा.

जागा ठरली की चार-पाच फूट रुंदीचा पट्टा पुरे. सुटे दगड उचलून दोन्ही कडांना लावा, खड्डे त्याच दगडांनी बुजवा. उतार सात-आठ फुटाला एक फूट एवढा असला की ओली कयाक हातातून निसटत नाही आणि परत वर आणताना दमही लागत नाही. बाहेरून मुरूम आणायचा किंवा शेजारच्या टेकाडातून खणायचा विचार करू नका. तो गौण खनिजात येतो आणि महसूल खात्याची परवानगी लागते. पाण्याजवळच्या शेवटच्या चिखलाच्या पट्ट्यासाठी कारखान्यातला जुना कन्व्हेयर बेल्ट भंगार बाजारात मिळतो, त्याचे दोन-तीन फूट रुंदीचे तुकडे घ्या. चिखलावर अंथरायचे, होडी त्यावरून सरकवायची, परतताना गुंडाळून न्यायचे. पाणी जसं मागे सरकेल तसा पट्टाही पुढे सरकतो. जड असतो, दोघांनी उचलावा लागतो, पण टिकतो.

होडी बांधायला लोखंडी गज किंवा अँगल जमिनीत ठोकू नका. आज तो कोरड्यावर आहे, ऑगस्टमध्ये पाण्याखाली वीतभर असेल आणि कुणाची तरी रबरी बोट किंवा सोसायटीचा माणूस ज्यावर बसून जाळी टाकतो ती हवा भरलेली ट्यूब त्यावर फाटेल. दोरीला मोठा दगड बांधा, काम झालं की सोडा.

आणि एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन, गटात कुणाला पटली नाही तरी. गाडी थेट पाण्यापर्यंत जाईल अशी वाट करू नका. वाहन काठाला लागलं की पुढच्या शनिवारी तिथे डिकी उघडून स्पीकर लावलेले लोक येतात, आणि तुम्ही उचललेल्या बाटल्यांच्या दुप्पट बाटल्या पडतात. गाड्या शंभरेक पावलं अलीकडेच राहतील असे दोन-चार मोठे दगड गावाच्या संमतीने लावून घ्या आणि उरलेलं अंतर कयाक दोन चाकांच्या ट्रॉलीवरून न्या. ज्याला खरंच पाण्यात जायचंय तो एवढं चालतो.

होडीत बसताना लाइफ जॅकेट अंगात घातलेलंच हवं, पायाशी ठेवलेलं नाही. उजनी धरणात मे 2024 मध्ये कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले. उन्हाळ्याच्या दुपारनंतर वळवाचा वारा उठतो तो दहा मिनिटांत पाणी उलटंपालटं करतो. तेव्हा एप्रिल-मेमध्ये दुपारच्या आत काठाला या. धरणाच्या भिंतीकडे आणि दरवाजांकडे फिरकू नका. एका जलाशयातून दुसरीकडे बोट नेत असाल तर तळ, वल्ही, दोऱ्या धुऊन वाळवून मगच न्या. जलपर्णीचा एखादा तुकडा चिकटून गेला तरी नव्या जागी ती पसरायला पुरेसा आहे.

अर्जात फार काही लिहायचं नसतं. तुमच्या गटातल्या जबाबदार दोघांची नावं आणि फोन, कुठल्या गावाच्या हद्दीत, कुठल्या तारखेला, अंदाजे किती माणसं. कचरा कुणाच्या वाहनातून कुठे जाणार. होडीसाठी कुठलंही बांधकाम, खोदकाम किंवा झाडतोड करणार नाही, फक्त सुटे दगड सारून पायवाट करणार, हे एका वाक्यात स्पष्ट लिहा. इंजिनाची बोट नाही, हेही लिहा. सोबत सोसायटीचं आणि ग्रामपंचायतीचं पत्र जोडा, आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत घ्या आणि ती मोहिमेच्या दिवशी खिशात ठेवा. पहिल्या खेपेला एका ओढ्यापासून पुढच्या ओढ्यापर्यंतचा एकच तुकडा घ्या, आणि तारीख ठरवण्याआधी सोसायटीच्या माणसांना त्या दिवशी जाळी कुठे असतील ते विचारून घ्या.